आमच्या शौकांचा दाखला कुणाला द्यायचा?

मी पुण्यात कोंढव्याला राहते. नोकरी करते, दोन मुलांची आई आहे, आणि मला बऱ्याच गोष्टींचा शौक आहे. 'सैराट' मी थिएटरात दोनदा पाहिला. मुलीमुळे बीटीएसच्या सातही पोरांची नावं मला पाठ आहेत. २०२२ मध्ये 'पसूरी' आलं तेव्हा महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात दुसरं काही वाजलं नाही. आयपीएल सुरू झालं की रात्रीचं जेवण टीव्हीसमोरच होतं. मुलगा एमसी स्टॅनचा चाहता आहे. त्याच्या गाण्यांतल्या शिव्यांवरून आणि बायकांबद्दलच्या भाषेवरून आमचं भांडण होतं, पण ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला पोरगा २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकला त्या रात्री मीही जागी होते.

याच आयुष्यात टँकरचं पाणी आहे, ओला-सुका कचरा आहे, रक्तदान आहे, शाळेसमोरचा रस्ता आहे, माहिती अधिकाराचे अर्ज आहेत. एखाद्या रविवारी मी सकाळी सह्या गोळा करते आणि संध्याकाळी मुलांना घेऊन सिनेमाला जाते.

दुसऱ्या कुणा पुणेकर आईने हे लिहिलं असतं तर 'बाई हौशी दिसते' एवढं म्हणून लोक पुढे गेले असते. माझ्या प्रत्येक शौकाला मात्र दाखला मागितला जातो, आणि मागणारे दोन आहेत. एक आपल्यातला, एक बाहेरचा. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण माझ्याबाबतीत त्यांचं एकमत आहे: या बाईने साधं माणूस असता कामा नये.

आपल्यातला विचारतो, "कौमवर एवढं संकट आणि तुम्हाला गाणी सुचतात?" हा प्रश्न बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, दावतीत येतो, नात्यातल्या एखाद्या मामूंकडून येतो. विचारणारा स्वतः रात्री अकरापर्यंत क्रिकेट बघतो, पण तो मुद्दा वेगळा.

बाहेरचा जरा गोड बोलतो. "अय्या, तुम्ही 'सैराट' पाहिला? मराठी किती छान बोलता! तुमच्यात चालतं का हे?" यातलं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे, "तुम्ही मुस्लिम वाटतच नाही." मी कोणत्या गावची, माझे आजी-आजोबा घरात कोणती भाषा बोलायचे, हे त्यांना ठाऊक नसतं. मुसलमान म्हणजे दोनच प्रकार त्यांच्या डोक्यात असतात, एक बिचारा आणि दुसरा संशयित. गाणं गुणगुणणारी, पाण्याच्या टँकरवरून तावातावाने बोलणारी, मुलांच्या गॅदरिंगचे कपडे शिवून देणारी बाई त्यांच्या कुठल्याच खणात बसत नाही. मग ते मला अपवाद ठरवतात आणि खण तसेच ठेवतात.

हे दोन्ही परीक्षक एकाच माणसाला कसे गाठतात हे पाहायचं असेल तर मोहम्मद शमीकडे पाहा. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून दहा विकेट्सनी हरला. मैदानात अकरा जण होते, पण सोशल मीडियावर गद्दार ठरला तो शमी. कर्णधार विराट कोहलीला जाहीरपणे त्याच्या बाजूने बोलावं लागलं. २०२३ च्या विश्वचषकात याच शमीने सात सामन्यांत २४ बळी घेतले, स्पर्धेतले सर्वाधिक. तेव्हा तो देशभक्त झाला. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या उपांत्य सामन्यात, पुन्हा दुबईतच, तो रमजानमध्ये पेय पिताना दिसला. लगेच बरेलीच्या एका मौलानांनी त्याला रोजा न ठेवल्याबद्दल गुन्हेगार ठरवून टाकलं. मुसाफिराला रोज्यात सवलत आहे, हे दुसऱ्या उलेमांना मग सांगावं लागलं. माणूस एकच, त्याचं काम चेंडू टाकणं, आणि ते तो उत्तम करत होता. एकाने त्याच्याकडे देशाचा दाखला मागितला, दुसऱ्याने दीनचा.

शमी मोठा माणूस आहे, तो निभावून नेतो. तुमच्या-माझ्यासारख्यांचं काय? आपण हळूहळू आवडी लपवायला शिकतो. ऑफिसात एक बोलतो, मोहल्ल्यात दुसरं. इकडे कव्वालीचं नाव घेत नाही, तिकडे के-पॉपचं. काही वर्षांनी नक्की काय आवडत होतं तेही आठवेनासं होतं. माझं भांडण या गप्प बसण्याशी आहे.

आता सगळ्यात जड आक्षेप घेते, कारण तो टाळून पुढे जाणं खोटेपणा होईल. २ जून २०१४ च्या रात्री याच पुण्यात, हडपसरमध्ये, सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्या मोहसीन शेख या आयटीतल्या तरुणाला जमावाने मारून टाकलं. त्याच्या चेहऱ्यावरून आणि कपड्यांवरून तो मुसलमान दिसला, एवढं त्यांना पुरलं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडलं. ज्या शहरात हे घडलं त्या शहरात तुम्ही सिनेमाच्या गप्पा कशा मारता, असं कुणी मला विचारलं तर तो प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही.

माझं उत्तर असं आहे. मोहसीनकडून काय हिरावलं गेलं? नोकरी, पगार, घरी पाठवायचे पैसे, मित्रांबरोबरचं रात्रीचं जेवण, आणि त्याला जे काही आवडत असेल ते सगळं. म्हणजे अगदी साधं आयुष्य. आपण न्याय मागतो तो याच साध्या आयुष्यासाठी मागतो. मग न्यायाच्या नावाने तेच आयुष्य स्वतःच्या हाताने सोडून द्यायचं, यात कुठलं शहाणपण आहे? द्वेष करणाऱ्याला आपण फक्त भीतीत जगलेलं हवं असतं. आपल्यातला उपदेशक जेव्हा म्हणतो की सध्या फक्त संकटाचंच बोला, तेव्हा तो नकळत त्याच मागणीवर सही करत असतो.

खटला लढवायला वकील लागतात, पैसा लागतो, वर्षानुवर्षं पाठपुरावा लागतो. ते करणाऱ्यांना साथ द्यायलाच हवी, आणि मी गाणं ऐकल्याने त्यांचं एकही काम अडत नाही. अडतं ते आपण काहीच न करता नुसते सुस्कारे टाकत बसल्याने.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे खाऊन-पिऊन सुखी लोकांचे चोचले आहेत. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा मालेगावला जाऊन यावं. यंत्रमागाच्या खडखडाटात दिवसभर राबणाऱ्यांचं ते गाव. तिथे नासिर शेख यांनी २००० साली गावातलीच माणसं घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. त्यातला सुपरमॅन, शफीक शेख, यंत्रमाग कामगार होता, अंगाने काडीसारखा. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये या मंडळींवर माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये देशभर थिएटरात लागला. शफीक तो पाहायला नव्हता. तोंडाच्या कॅन्सरने तो आधीच गेला होता.

गरिबाला शौक परवडत नाही म्हणणाऱ्याला मी शफीकचं नाव सांगते. सिनेमा म्हणजे फालतूपणा, आधी समाजाचे प्रश्न बघा, असं म्हणणाऱ्यालाही तेच नाव सांगते. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी कोपऱ्यावर पुड्या मिळतात हे मी-तुम्ही रोज पाहतो. तंबाखूवरचं सरकारी पत्रक वाचून कुणी थांबलेलं मला आठवत नाही. पण सुपरमॅन झालेला आपल्यासारखाच एक कामगार कशाने गेला, हे मी मुलाच्या मित्रांना सांगितलं तेव्हा ती पोरं पाच मिनिटं खरोखर गप्प होती. मनोरंजन आणि सामाजिक प्रश्न ही दोन कपाटं आपण उगाच वेगळी ठेवली आहेत.

महाराष्ट्राला हे नवं नाही. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, डफ घेऊन उभे राहिले की माणसं रात्र-रात्र बसायची. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबरचं त्यांचं लाल बावटा कलापथक हे त्या काळच्या गिरणी कामगाराचं मनोरंजनच होतं, आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळही त्यांच्या आवाजावर चालली. त्यांनी फक्त मुसलमानांचं गाऱ्हाणं गायलं नाही. कामगाराचं गायलं, मराठी मुलखाचं गायलं. साऱ्या महाराष्ट्राचा आवाज व्हायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती.

आता ज्यांच्यावर या दाखल्यांचा सगळ्यात जास्त भार पडतो त्यांच्याबद्दल. मुलगे सगळं बघतात. शेवटी हिशेब मागितला जातो मुलींकडे.

१९८२ साली जळगावात मुस्लिम स्त्रियांनी सिनेमाला जायचं नाही अशी बंदी घालण्यात आली. रजिया पटेल तेव्हा तरुण कार्यकर्त्या होत्या. त्या या बंदीविरुद्ध उभ्या राहिल्या, धमक्या सोसल्या, मागे हटल्या नाहीत. ती हकीकत त्यांनी 'चाहूल' या पुस्तकात लिहिली आहे. तुम्ही अजून वाचलं नसेल तर मिळवून वाचा. "सिनेमासाठी कसला लढा, शिक्षणासाठी लढा, तलाकसाठी लढा," असं तेव्हाही म्हणणारे असतीलच. पण प्रश्न पडद्यावरच्या सिनेमाचा नव्हता. प्रौढ बाईने आपल्या पैशाने तिकीट काढून कुठे बसायचं हे गावातल्या चार पुरुषांनी ठरवायचं की तिने, हा प्रश्न होता. ज्याने तिकिटावर हुकूम चालवला तो उद्या कॉलेजच्या प्रवेश अर्जावर चालवणारच.

आज असा जाहीर हुकूम कुणी काढत नाही. त्याची गरज उरलेली नाही. आमच्या शेजारची एक मुलगी सातवीपर्यंत क्रिकेटच्या कोचिंगला जायची. डावखुरी, चेंडू छान वळवायची. आठवीत गेल्यावर तिचं जाणं बंद झालं. कुणी ओरडलं नाही, मारलं नाही. "आता मोठी झाली," एवढंच. तिचा भाऊ अजून जातो, आणि तो तिच्या निम्म्यानेही खेळत नाही. तुमच्या ओळखीत अशा किती जणी आहेत, मोजून पाहा. गाणं सोडलेली, चित्र सोडलेलं, नाटकातून नाव काढून घेतलेली. प्रत्येक वेळी कारण दीनचं सांगितलं जातं, आणि बहुतेक वेळा खरं कारण 'लोक काय म्हणतील' हे असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे कुणी माझं बोलणं वाकडं करणार नाही. 'सीक्रेट सुपरस्टार'मधली झायरा वसीम २०१९ मध्ये आपल्या श्रद्धेचं कारण देऊन सिनेमातून बाहेर पडली. तो तिचा निर्णय. तिला वेड्यात काढणारे आणि तिला इतर मुलींवर उगारायची छडी करणारे, दोघेही मला सारखेच नकोसे वाटतात. ज्या घरात दीनच्या समजुतीने सिनेमा पाहत नाहीत त्या घराशी माझं भांडण नाही. माझी सख्खी नणंद पाहत नाही, आणि रमजानमध्ये आम्ही एकत्र इफ्तारी करतो. माझा आग्रह एवढाच की सोडणारीने स्वतः ठरवून सोडावं आणि धरणारीने स्वतः ठरवून धरावं.

आणि आता शौक करणाऱ्या आपल्या मंडळींनाही दोन शब्द, कारण परीक्षकांना बोलून आपण सुटत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा सामाजिक कळवळा चोवीस तासांचा असतो. स्टेटस ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते उडालं, संपलं. गाझावर स्टेटस, झाडांवर स्टेटस, पण वॉर्डात पाणी कधी येतं हे माहीत नाही. पुण्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर वर्षानुवर्षं वॉर्डात निवडून दिलेलं माणूसच नव्हतं. या काळात किती तरुणांनी त्यावर एक तरी अर्ज लिहिला? ज्या पोराला 'बिग बॉस'च्या मतदानाचा शेवटचा दिवस पाठ असतो त्याला मतदार यादीत स्वतःचं नाव आहे का हे तपासायला काय हरकत आहे?

बीटीएसच्या चाहत्या पोरींना आपण हसतो. जून २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर बीटीएसने वर्णभेदविरोधी चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तर या चाहत्यांनी साधारण दिवसभरात तेवढीच रक्कम आपसात जमवून दिली. एकमेकींना कधी न भेटलेल्या पोरी. त्यांना हिशेब ठेवायची, निरोप पोचवायची, वेळ पाळायची सवय लागली होती ती गाण्यांच्या वेडातून. हे कसब आपल्या गल्लीतल्या पोरींकडेही आहे. आपण ते कधी मागत नाही.

आम्ही एकदा मागितलं. मुलांच्या शाळेसमोर गाड्या भरधाव जायच्या, रस्ता ओलांडायला ना पट्टे, ना गतिरोधक. ज्या आया एकत्र आल्या त्या कुठल्या संघटनेच्या नव्हत्या. गॅदरिंगच्या नाचाच्या सरावाला मुलांना आणता-नेता आमची ओळख झालेली. बुरख्यातल्या होत्या, जीन्समधल्या होत्या, दोन मराठा, एक ख्रिश्चन, एक मारवाडी. गाण्यावरून सुरू झालेल्या गप्पा रस्त्यावर आल्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला, कारण तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं हे एकीला माहीत होतं. दोनशेच्या आसपास सह्या जमवल्या. त्यातही दोन्ही परीक्षक भेटले. एक जण म्हणाले, "बायकांनी दारोदार फिरायची काय गरज?" दुसरे म्हणाले, "हा तुमच्या लोकांच्या एरियाचा प्रश्न दिसतोय." त्या दुसऱ्या गृहस्थांची नातही त्याच शाळेत होती. उत्तर वेळेत आलं, पट्टे मारले गेले, गतिरोधकही झाला.

ही फार मोठी लढाई नाही, मला माहीत आहे. पण कार्यालयात अर्जावर पोच मागताना सगळ्यात ठामपणे कोण बोललं? जिने कॉलेजात नाटकात काम केलं होतं ती. आम्हा बाकीच्या जणींचा आवाज टेबलापर्यंत पोचत नव्हता. ज्या मुलीला आपण चौदाव्या वर्षी नाटकातून काढून घेतो, तिने तिसाव्या वर्षी साहेबासमोर ताठ मानेने बोलावं अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? धीटपणा काही निकाहाच्या वेळी जहेजात मिळत नाही.

म्हणून तुम्हाला, जे पंधरा ते पंचवीसच्या मधले आहात, माझं सांगणं आहे. तुमची आवड कुणाला पटवून देत बसू नका. ऑफिसातल्या माणसाला 'आम्हीही तुमच्यासारखेच' हे सिद्ध करायला गाणं ऐकू नका, आणि मोहल्ल्याला चिडवायलाही ऐकू नका. आवडतं म्हणून ऐका. त्याचबरोबर तुमच्या जवळचा एक प्रश्न पकडा, पाण्याचा, रस्त्याचा, अभ्यासिकेचा, आणि तो तडीला जाईपर्यंत सोडू नका. मुलग्यांनो, बहिणीचं कोचिंग बंद होत असेल तर त्या दिवशी घरात तोंड उघडा. तुम्ही गप्प बसलात म्हणून तुमचं चालू राहतं आणि तिचं बंद होतं.

आणि आज घरी गेल्यावर अम्मीला विचारा, तुमच्या वयाची असताना तिला काय आवडायचं. गाणं असेल, खो-खो असेल, शायरी असेल. मग विचारा, ते कधी सुटलं, आणि कुणाच्या सांगण्यावरून. ती आधी टाळेल, "काय करायचंय तुला" म्हणेल. उठू नका, तिथेच बसून राहा.